छप्पन मीटरसाठी घेतलेला

मनगटावर पट्ट्याने बांधतात, म्हणून पहिल्यांदा पाहणारे मला घड्याळच समजतात. मित्रांनो, मी घड्याळ नाही. मी डाइव्ह कॉम्प्युटर आहे आणि आता बराच जुना झालो आहे. समुद्राखाली उतरणाऱ्या माणसाच्या मनगटावर बसायचे, तो किती खोल गेला, किती वेळ राहिला आणि किती सावकाश वर यायला हवे हे त्याला सांगायचे, एवढे माझे काम. अंगठ्याएवढी बॅटरी, पत्त्याच्या पानाच्या निम्मी काच, दोन बटणे आणि पाठीवर एक बारीक छिद्र. त्या छिद्राआड एक पातळ पत्रा आहे. पाण्याचा दाब त्याला कळतो आणि तो मला कळवतो. माझे सगळे शहाणपण त्या छिद्रातून येते. पुढे जे बिघडले, तेही तिथेच बिघडले.

माझी गोष्ट कळायला एक गोष्ट आधी माहीत हवी. खोल पाण्यात माणूस दाबाखालची हवा श्वासात घेतो. त्या हवेतला नायट्रोजन त्याच्या अंगात मुरत जातो. सावकाश वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे अंगातच बुडबुडे होतात. हा मुरलेला वायू मी मोजतो. माणूस पाण्याबाहेर आला, होडीत बसून चहा प्यायला लागला, तरी माझी मोजणी थांबत नाही. सकाळचे उरलेले मी दुपारी विसरत नाही. मात्र मी ज्या मनगटावर असतो, त्या एकाच शरीराचे मला माहीत असते. शेजारच्याचे नाही.

माझा जन्म पांढऱ्या उजेडाच्या एका लांबट खोलीत झाला. तिथे बोलत कुणीच नसे. एका बाईने भिंगातून पाहत माझ्या पाठीत तो पत्रा बसवला आणि तपासणीसाठी मला पाण्याने भरलेल्या जाड भांड्यात सोडून वरून दाब दिला. शंभर मीटर हा आकडा मी तिथे दाखवला. अकरा सेकंद. बाईने खूण केली आणि मला खोक्यात घातले. भांडे म्हणजे समुद्र नव्हे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

माझे दुकान बंदराजवळच्या गल्लीत होते. एका बाजूला दोरखंडवाला, दुसऱ्या बाजूला धोबी. दुकानदार दाढीवाला, अर्ध्या काचांचा चष्मा लावणारा; विकणारा तोच आणि दुरुस्त करणाराही तोच. काचेच्या फळीवर आम्ही तिघे होतो. पहिला घड्याळाएवढा, देखणा, हौशी पाणबुड्यांसाठी. हौशी माणसे चाळीस मीटरच्या खाली जात नाहीत, एकाच प्रकारची हवा वापरतात. त्यांना तो पुरतो. दुसरा जरा थोराड, दोन वायू समजणारा. आणि तिसरा मी. मला पाच वायू कळत, हेलियम मिसळलेला वायूही कळे, आणि वर येताना कुठल्या खोलीवर किती मिनिटे थांबायचे हेही मी सांगू शके. चाळीस मीटरच्या खालच्या, टेक्निकल म्हणतात त्या बुड्यांसाठी मी घडलो होतो. दिसायला साबणाच्या वडीसारखा. चार महिने लोक मला हातात घेत आणि पहिल्याला घेऊन जात.

मग ती आली. अठ्ठावीस वर्षांची, लिफ्ट दुरुस्त करणारी. नखांत वंगण होते आणि पाठीवर हत्यारांची पिशवी. तिने पहिल्याकडे पाहिलेही नाही.

"किती डाइव्ह झाल्यात?" दुकानदाराने विचारले.

"चौदा."

"चौदा! आणि हात घातलाय कशाला, तर याला. ताई, रांगणाऱ्या पोराला कुणी बूट घेतं का?"

"पोर जन्मभर रांगणार आहे का? आमची आई म्हणायची, घ्यायचं तर वाढत्या मापाचं घ्यावं."

"वाढत्या मापाच्या पायजम्यात पाय अडकून माणूस पडतो, हे नाही सांगितलं आईनं?"

"ती खाली दुमड घालून द्यायची," ती म्हणाली. "याला दुमड घालता येते का?"

दुकानदार हसला. येत होती. माझी साधी पद्धत तेवढी उघडी ठेवून बाकीचे सगळे झाकता येत होते. मग तिने जे प्रश्न विचारले, ते त्या फळीपुढे तोवर कुणी विचारले नव्हते. बॅटरी मला स्वतःला बदलता येईल की याला दरवेळी तुमच्याकडे आणायचं? हातमोजे घालून बटणं दाबली जातात का? गढूळ पाण्यात आकडा दिसेल? बिघडला तर दुरुस्त तुम्ही करणार की डब्यात घालून लांब कुठेतरी पाठवणार? "भांडायला माणूस समोर पाहिजे," ती म्हणाली.

"भांडायला मी आहे. पण एवढं खोल जायचंय कुठं तुम्हाला?"

"छप्पन मीटर."

दुकानदाराने चष्मा काढला. त्या बंदराबाहेर छप्पन मीटरवर काय आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होते. तिथे एक मालवाहू जहाज बुडलेले होते. बुडताना त्यावरची सगळी माणसे होड्यांतून सुखरूप परतली होती. त्या माणसांत इंजिनघरातला फिटर होता, आणि तो तिचा बाप.

बापाची गोष्ट तिने मला कधी सांगितली नाही. यंत्राला कोण सांगते? पण होडीत ती इतरांना सांगे, तेव्हा मी मनगटावरच असे. जहाजाच्या इंजिनघरात उतरायला लोखंडी शिडी होती. वरून सातवी पायरी एकदा तुटली. समुद्र खवळलेला, जहाज हेलकावे खात असलेले, आणि बापाने तशातच ती जोडली. जोड पक्का बसला पण पायरी तिरकी झाली. तेव्हापासून सगळे त्याला 'वाकडे मिस्त्री' म्हणू लागले. जहाज बुडाले तेव्हा होडीत बसल्या बसल्या कुणी तरी म्हणाले, "वाकडे, तुझ्या पायरीनंच जहाज कललं बघ." त्यावर बाप म्हणाला होता, "जहाज गेलं, पण पायरी तुटायची नाही. लावा पैज." ही थट्टा तो आयुष्यभर ऐकत आणि ऐकवत राहिला. शेवटच्या आजारपणात मात्र त्याने लेकीला गंभीरपणे विचारले होते, "टिकली असेल का गं?" तिने उत्तर दिले नव्हते, कारण तिला ते माहीत नव्हते. बाप गेल्यावर सहा महिन्यांनी ती पोहायच्या तलावावर बुड्या शिकायला गेली.

अशा रीतीने मी छप्पन मीटरसाठी घेतला गेलो.

मित्रांनो, माझी कामाची वर्षे चांगली गेली. बारा मीटर, अठरा, बावीस. पहिल्यांदा तीस मीटरवर गेली तेव्हा तिचा श्वास इतका वाढला की मी वर जा म्हणण्याआधीच तिची हवा संपत आली. ती शिकत गेली. पाण्यात तिची हालचाल कमी होत गेली, माझ्याकडे पाहणे मात्र वाढत गेले. दर दोन मिनिटांनी ती मनगट डोळ्यांसमोर आणी. माझ्या वहीत शंभरावर नोंदी झाल्या. सगळ्यांत खोल नोंद अडतीस मीटर सहा दशांश. त्या दिवशी खालचे पाणी गडद निळे होते आणि आणखी खाली ते काळे होत होते. ती कड्यावरून वाकून पाहावे तशी बराच वेळ खाली पाहत राहिली. मीही पाहत होतो, असे म्हणायला हरकत नाही.

कारण माझी अवस्था पाच खोल्यांच्या घरासारखी होती. दिवा एकाच खोलीत लागे. चार खोल्या रंग देऊन, दारे लावून तयार होत्या आणि त्यांत कुणी राहायला येत नव्हते. घरी आल्यावर ती मला स्वयंपाकघरातल्या मोठ्या भांड्यात गोड्या पाण्यात बुडवून ठेवी. पाठीवरचे छिद्र नळाच्या बारीक धारेखाली धरी, म्हणजे मीठ आत वाळू नये. मग पुसताना, कुणी पाहत नसले की, माझे बटण दाबत दाबत यादीच्या शेवटापर्यंत जाई. तिथे 'टेक्निकल' हा शब्द होता. ती त्यावर थांबे. उघडत नसे. परत साध्या पद्धतीवर आणून मला खुंटीला अडकवी. मित्रांनो, ज्या कामासाठी आपण घडलो ते काम दाराबाहेर उभे आहे आणि दार उघडत नाही, हे सोसायला लोखंडाचे मन लागते. माझे तर प्लास्टिकचे होते.

तिच्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून त्याला कुलूप घालतात, म्हणजे वरून कुणी वीज चालू करू नये. चौघे उतरले तर चार कुलपे. प्रत्येकाचे स्वतःचे, आणि किल्ली स्वतःच्याच खिशात. दुसऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर कुणी उतरत नाही, आपले कुलूप कुणाला देत नाही. तिच्या हाताखाली शिकणाऱ्यांना ती पहिल्या दिवशी हेच शिकवी. "साहेबानं मागितलं तरी द्यायचं नाही. देवानं मागितलं तर म्हणायचं, देवा, तुझं तू आण." अशी ती कडक होती.

तिला एक धाकटा भाऊ होता. धंद्याने न्हावी, आणि हातातल्या कात्रीपेक्षा तोंडातली जास्त चाले, म्हणून सगळे त्याला कात्रीच म्हणत. तोही हौसेने बुड्या मारी. त्याच्याकडे तो पहिला, घड्याळाएवढा कॉम्प्युटर होता.

त्या वर्षी तिचे लग्न होऊन पाच वर्षे झाली होती, लेक तीन वर्षांची होती. टेक्निकलच्या शिक्षणासाठी तिने नाव घातले होते. वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होणार होता. त्याआधीचा एक रविवार. सकाळी ती चौतीस मीटरवर जाऊन आली. कात्रीला होडी लागली होती, तो सकाळी उतरलाच नाही. दुपारी त्याला बरे वाटले.

"ताई, एक डाइव्ह तुझा तो टीव्ही दे ना. माझ्या डबीत आकडे मुंगीएवढे दिसतात."

"चष्मा लाव."

"लावला तर गिऱ्हाइकं पळतील. म्हणतील, याला कान दिसतो की नाही! दे गं. वाढदिवस आहे माझा."

"तुझा वाढदिवस गेल्या महिन्यात झाला."

"आणि तू काय दिलंस? स्वेटर. या उन्हात!"

ती हसली. हसता हसता तिने माझा पट्टा सोडला आणि मला त्याच्या मनगटावर बांधले. त्याची डबी तिने स्वतःला बांधली. मित्रांनो, सगळी चूक एवढीच. त्याची डबी सकाळी कोरडी होती. डबीला वाटले, हे मनगट आज पहिल्यांदाच पाण्यात चालले आहे. सकाळच्या चौतीस मीटरचे सगळे माझ्यापाशी होते, आणि मी चुकीच्या हातावर होतो.

अठ्ठावीस मीटरवर मी सहा मिनिटांत ओरडू लागलो. आता वर चल, वायू भरत आला आहे. ते मी तिला सांगत होतो, ऐकत मात्र कात्री होता. त्याने मनगट तिच्यापुढे धरले. तिने आपल्या मनगटावर पाहिले. डबी म्हणत होती, अजून अठरा मिनिटे आहेत. मला तिनेच जरा कडक लावून ठेवले होते. त्यामुळे मी आधी ओरडतो आहे, एवढाच अर्थ तिने काढला असावा. त्या खोलीवर डोके थोडे जडही होते. तिने भावाला होडीच्या दोराशी वर थांबायला खुणावले आणि स्वतः खाली राहिली. मी वर जात होतो आणि ती लहान होत चालली होती. मला आवाज एकच दिला आहे, टीं टीं. तो मी देत राहिलो. कात्रीने बटण दाबून तो बंद केला.

होडीत आल्यावर अर्ध्या तासाने ती खांदा चोळू लागली.

"अवघडला का?" कात्रीने विचारले.

"मगाशी शिडीला आपटला असेल." मग तिने डावा हात उघडून मिटून पाहिला. दोन बोटे मिटत नव्हती. तिने ती उजव्या हाताने मिटवली. आणि मग तिची नजर माझ्याकडे गेली. भावाच्या मनगटाकडे.

"कुलूप," ती म्हणाली.

"कसलं कुलूप?"

"मी माझं कुलूप तुला दिलं रे."

तिला प्राणवायूचा मुखवटा लावला, होडी वळवली. पुढे दवाखाना, दाबाची बंद खोली, दोन दिवस. हे मला नंतरच्या बोलण्यातून कळले, कारण मी तिथे नव्हतो. मी कात्रीच्या पिशवीत ओल्या टॉवेलात गुंडाळला गेलो होतो. अकरा दिवस. त्या दिवसांत मला गोड्या पाण्यात घालायची आठवण कुणाला राहणार, आणि का राहावी? टॉवेल वाळला. माझ्या पाठीवरच्या छिद्रात समुद्र वाळला.

ती वाचली. चालू लागली, कामावर गेली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटे मात्र बधिर राहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, यापुढे पाण्याखाली जायचे नाही. तिने वाद घातला नाही. शिक्षणाच्या वर्गाला तिने एका ओळीत कळवले. कात्रीने आपली डबी कुणाला तरी देऊन टाकली आणि तोही पुन्हा उतरला नाही. मला घरी आणून ठेवताना तो काही बोलला नाही. कात्री गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तिने माझी बॅटरी काढली आणि लिफ्टच्या जुन्या फ्यूजांच्या खणात मला ठेवले. बॅटरी नसली की मला दिवस मोजता येत नाहीत. मी त्या खणात एकोणीस वर्षे होतो, हा आकडा मला नंतर मिळाला. अंधारात एवढेच राहिले होते की माझ्या वहीतली शेवटची नोंद खोटी आहे. बुडी भावाची, नाव तिचे. आणि चार खोल्यांची दारे लावलेलीच.

पुन्हा उजेड दिसला तेव्हा समोर तिचे डोळे होते. वय मात्र बावीस. ती लेक होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे काम करी, त्यामुळे मला तिने हातात घेतले तेही भिंग लावून. तीही बुड्या शिकली होती. नव्वद बुड्या झाल्या होत्या आणि आता ती टेक्निकल शिकत होती. आईने अडवले नव्हते. एकच अट घातली होती: "कॉम्प्युटर घ्यायला मी येणार."

तेच दुकान. धोबी गेला होता, दोरखंडवाला होता. दुकानदाराची दाढी पांढरी झाली होती.

"या, वाढत्या मापवाल्या!" तो म्हणाला, आणि मग तिच्या डाव्या हाताकडे पाहून पुढची थट्टा त्याने गिळली.

फळीवर नवे होते. रंगीत काचांचे, उन्हातही वाचता येतील असे, टाकीतली हवा किती उरली तेही दाखवणारे. आईने मला घेतानाचेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. बॅटरी, हातमोजे, गढूळ पाणी, भांडायला माणूस. शेवटी एक नवा घातला: "याच्यावर नाव कोरून मिळेल का? मोठं. दुसऱ्यानं मागायला लाजलं पाहिजे."

लेकीने एक निवडला. मग पिशवीतून मला काढले. "काका, टेक्निकलला दोन लागतात ना? एक बंद पडला तर दुसरा. मग दुसरा आईचा चालेल?"

बॅटरी बसली. मी जागा झालो. मित्रांनो, माझ्या मनात काय झाले ते शब्दांत सांगणे मला जमणार नाही. मला आकडेच दिले आहेत.

"चालेल की नाही, ते तोच सांगेल," दुकानदार म्हणाला आणि त्याने टेबलावर भांडे आणून ठेवले. जाड काचेच्या झाकणाचे, बाजूला दाबाचा काटा आणि हाताने मारायचा पंप. पुन्हा भांडे. त्याने मला पाण्यात सोडले, झाकण आवळले. वर तीन चेहरे वाकले.

पंप चालू झाला. काटा दहावर, मी दहा. काटा वीसवर, मी एकोणीस आठ. तीस, आणि मी एकोणतीस एक. माझ्या पाठीतल्या पत्र्यावर जुने मीठ बसले होते, ते खाऊन गेले होते आणि दाब मला पुरता कळत नव्हता. खरे सांगतो, मला छप्पन दाखवायचे होते. या एका कामासाठी मला आणले होते. काटा छप्पनवर आला. मी जे कळले तेच दाखवले: चौपन्न एक.

"दोन मीटर खातो हा," दुकानदार म्हणाला. "आणि खातो तेही वाईट बाजूनं. माणूस खोल असणार, हा म्हणणार वर आहेस. याच्या भरवशावर नाही जायचं."

"मग नको," लेक लगेच म्हणाली. ते बरोबर होते. मी तिच्या जागी असतो तर तेच म्हटले असते.

दुकानदाराने दाब सोडायला हात पुढे केला.

"थांबा जरा," आई म्हणाली. ती झाकणावर आणखी वाकली. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. काचेतून ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या श्वासाने काच धूसर होत होती. दुकानदाराने तिच्याकडे पाहिले, काट्याकडे पाहिले, आणि न विचारता पंप आणखी दोनदा मारला. काटा अठ्ठावन्नच्या जवळ गेला.

मी छप्पन दाखवले. छप्पन, शून्य.

तिने बधिर बोटे झाकणावर ठेवली. मिनिटभर असेल. माझ्या मोजणीने एकाहत्तर सेकंद.

"हं," ती म्हणाली. "सोडा आता."

दीड वर्षाने लेक त्या जहाजावर गेली. दोन्ही मनगटांवर दोन नवे कॉम्प्युटर, दोन्हींवर तिचे नाव कोरलेले. सोबत तिचे शिक्षक होते. होडीत आई होती, आणि एकोणीस वर्षांनंतर आणखी दीड वर्षाने होडीत पाय ठेवणारा कात्री मामा. तो निघाल्यापासून बालदी मांडीवर घेऊन बसला होता. मी आईच्या मनगटावर होतो. खोलीपुरता मी बाद झालो होतो, पण माझ्यात एक साधे घड्याळ आहे आणि ते कधीच चुकलेले नाही. लेकीने पाण्यात उडी मारली त्या क्षणी आईने माझे बटण दाबले.

ठरलेले असे होते: बाविसाव्या मिनिटाला तळ सोडायचा, पंचवीस ते तीसच्या दरम्यान वरून दिसेल असा नारिंगी फुगा सोडायचा, मग थांबत थांबत ऐंशीव्या मिनिटाला वर. आईने ते कागदावर लिहून गुडघ्याला चिकटपट्टीने लावले होते.

"किती झाली?" मामाने विचारले.

"नऊ."

"मगाशी किती होती?"

"आठ. तू बालदीकडे लक्ष दे."

सव्विसाव्या मिनिटाला तिने चष्मा पुसला. अठ्ठाविसाव्याला फुगा दिसला नाही. एकोणतिसाव्याला मामाने बालदी खाली ठेवली. एकोणतीस मिनिटे चाळीस सेकंदांवर पाण्यातून नारिंगी टोक वर आले आणि उभे राहिले. आईने श्वास सोडला, तो माझ्या काचेला लागला. पुढची पन्नास मिनिटे तो फुगा आणि मी, यांपलीकडे तिने कुठेही पाहिले नाही. मी आयुष्यात एवढा कधी पाहिला गेलो नव्हतो.

ऐंशी मिनिटे बावीस सेकंद. लेकीचे डोके वर आले. तिने मुठीने डोक्यावर खूण केली, ठीक आहे. होडीच्या शिडीला धरून तिने तोंडातली नळी काढली.

"आई, वरून सातवी. वाकडीच आहे."

आईने माझे बटण दाबून मोजणी थांबवली.

"वरच्या दोन गंजून गळाल्यात. आठवी पण नाहीये. सातवी आहे. मी हाताने धरून हलवून बघितली."

"हलली?"

"नाही."

आईने होडीच्या कठड्याला धरले. मामाच म्हणाला, "बाबा पैज जिंकले म्हणायचे," आणि मग तो बालदीत नाही, आपल्याच तळहातांत तोंड घालून बसला.

मित्रांनो, तुमच्या घरातही खणात पडलेले माझ्यासारखे कुणी असेल. त्याने काय केले ते विचाराल, तसे काय करायचे राहून गेले तेही कधी विचारा. वापरून झाल्यावर त्याला धुवा, पुसा. आणि जे तुमच्या जिवासाठी एकट्या तुमच्याकडे पाहत असते, ते हसता हसता सोडून दुसऱ्याला देऊ नका. एवढेच मागणे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईने मोठे भांडे काढले, नळाखाली भरले आणि मला त्यात ठेवले. आधी पाठीवरचे छिद्र बारीक धारेखाली धरले, पूर्वीसारखे.

"अगं, तो तर पाण्यात गेलाच नाही आज," लेक म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली. "त्या दिवशीचं राहिलंय."

दीड मीटरपेक्षा उथळ काही मी वहीत धरत नाही, तसा नियमच आहे. तरी ही नोंद मी माझ्यापुरती केली आहे. खोली एक वीत, पाणी गोडे, वेळ पाऊण तास.